घरचा स्टुडिओ आणि मॉनिटरची निवड

(युवक शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



या शिबिरात शिक्षण, नोकरी, आरोग्य अशा विषयांवर जाणकार मंडळी बोलली. आमच्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने लहान वाटेल. घरच्या घरी गाणे ध्वनिमुद्रित करून त्याचे मिक्सिंग करणाऱ्या मुलांनी मॉनिटर स्पीकर कोणते घ्यावेत, हा तो विषय. परंतु आज आपल्या वस्त्यांतली अनेक मुले हे काम करीत आहेत, त्यासाठी घरचे पैसे घालीत आहेत, प्रसंगी हप्त्यावर सामान उचलीत आहेत. तेव्हा विषय लहान असला तरी त्यात अडकणारा पैसा लहान नाही. आम्ही काही मित्र एका खोलीत हेच काम करतो. शाहिरांची, गायन पार्ट्यांची, कधी शाळेतल्या मुलांची गाणी आमच्याकडे होतात. त्या अनुभवावर विसंबून चार गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

पूर्वी एखाद्या गायन पार्टीला गाणे ध्वनिमुद्रित करायचे तर शहरातला स्टुडिओ तासाच्या हिशेबाने भाड्याने घ्यावा लागे. घड्याळाकडे बघत काम उरकावे लागे. आता एक लॅपटॉप, दोन माईक जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस आणि एक बरासा माईक असला की दहा बाय दहाच्या खोलीत गाणे तयार होते. ही सोय फार मोठी आहे. मात्र स्टुडिओच्या त्या भाड्यात एक गोष्ट आपोआप मिळत होती, ती घरी मिळत नाही. ती म्हणजे आवाजासाठी मुद्दाम बांधलेली खोली आणि तिच्यात बसवलेले विश्वासाचे स्पीकर.

याचा परिणाम आपण सर्वांनी ऐकलेला आहे. घरी झकास वाटलेले गाणे मिरवणुकीतल्या ट्रकवर लागले की ढोलकी आणि बेसच्या घुमाऱ्यात शाहिराचा एक शब्द कळत नाही. तेच गाणे मोबाईलवर लावले की ढोलकी गायब होते आणि नुसता झांजेचा खणखणाट उरतो. गायकाला वाटते आपला आवाज पडला. वादक म्हणतो, माझे वाद्य मुद्दाम दाबले. खरे पाहता गळ्यात दोष नसतो आणि बोटांतही नसतो. मिक्सिंगला बसलेल्या मुलाला जे ऐकू आले तेच खोटे होते, आणि त्या खोट्यावर भरवसा ठेवून त्याने सगळी मापे लावली. ज्या गाण्यात शब्द हाच जीव आहे, तिथे ही हानी भरून येत नाही.

प्रथम मॉनिटर आणि घरातला म्युझिक सिस्टीम यातला फरक समजून घेऊ. घरातला सिस्टीम ऐकणाऱ्याला खूश करण्यासाठी बनवलेला असतो. खालचा बास थोडा फुगवलेला, वरचा आवाज थोडा चकचकीत केलेला. वाण्याच्या तराजूला पासंग असला की तोललेला माल घरी येऊन कमी भरतो, तसे इथे होते. स्पीकरमध्येच बास जादा असेल तर आपण गाण्यातला बास कमी करतो, आणि ते गाणे दुसरीकडे पातळ, बिनबुडाचे वाजते. स्पीकरमध्ये बास नसेल तर आपण तो भरत जातो, आणि दुसरीकडे नुसता ढिमढिमाट होतो. मॉनिटर म्हणजे शक्यतो पासंग नसलेला तराजू. तो गोड वाजेलच असे नाही. किंबहुना पहिल्यांदा ऐकताना पुष्कळांना तो कोरडा वाटतो.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सांगण्यासारखे आहे. १९७८ साली यामाहा या जपानी कंपनीने एनएस-१० नावाचा स्पीकर आणला. तो आणला होता घरी बसून गाणी ऐकणाऱ्यांसाठी, आणि त्या गिऱ्हाइकाने त्याचे फारसे स्वागत केले नाही. बास थोडका, मधला आवाज पुढे आलेला, वरचा आवाज कानाला टोचणारा. इतका टोचणारा की काही ध्वनिमुद्रक त्याच्या ट्वीटरवर टिश्यू कागद लावीत. पण ऐंशीच्या दशकात हाच स्पीकर जगभरच्या स्टुडिओंत पोहोचला. १९८७ मध्ये कंपनीने स्टुडिओसाठी त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. वूफरच्या पांढऱ्या पडद्याचा लगदा मिळेनासा झाल्यामुळे २००१ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले, तरी आजही जुन्या जोड्या जपून वापरल्या जातात. असे का व्हावे? एक तर माणसाचा आवाज, हार्मोनियम, गिटार ही सगळी ज्या मधल्या पट्टीत दाटीने बसतात, ती पट्टी हा स्पीकर उघडी करून दाखवतो. दोन वाद्ये एकमेकांच्या अंगावर आली की लगेच खटकते. दुसरे कारण २००१ मध्येच फिलिप नेवेल आणि कीथ हॉलंड या अभ्यासकांनी एका निबंधात मांडले. त्याची पेटी पूर्ण बंद आहे, तिला भोक नाही, त्यामुळे खालचा आवाज थांबायला सांगितल्यावर चटकन थांबतो, मागे रेंगाळत नाही. थोडक्यात, तो महाग होता म्हणून किंवा मोठा होता म्हणून टिकला नाही.

दुसरे उदाहरण आपल्याला आणखी जवळचे आहे. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात बीबीसीच्या अभियंत्यांपुढे प्रश्न होता की, बाहेरच्या कार्यक्रमांसाठी फिरणाऱ्या गाडीत बसून आवाज तपासायचा कसा. गाडीत जागा कपाटाएवढी. त्यांनी मोठा स्पीकर त्या गाडीत कोंबला नाही. एलएस३/५ए नावाचा, जेमतेम फूटभर उंचीचा, पाच इंची वूफरचा स्पीकर त्यांनी तयार केला. तळाचा बास त्यातून येत नव्हता, पण माणसाचे बोलणे अगदी जसेच्या तसे येत होते. जागा पाहून स्पीकर ठरवणे, ही त्यातली शिकण्यासारखी गोष्ट. आमच्या खोल्या त्या गाडीच्याच जातीच्या आहेत.

आता खोलीकडे येतो, कारण आमच्या मते खरा प्रश्न तिथे आहे. तुम्ही लाखाचा स्पीकर आणा, त्याच्या आणि तुमच्या कानाच्या मध्ये तुमची खोली उभी असते. आवाज सेकंदाला सुमारे ३४४ मीटर या वेगाने जातो. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. इतक्या अंतरावरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा आवाज अडकतो आणि घुमू लागतो. हे गणित सोपे आहे. ३४४ ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागायचे. आता बेस गिटारची ए ही मोकळी तार, म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी सहा, ५५ हर्ट्झवर लागते. म्हणजे बेसवाला त्या सुरावर आला की खोली त्याच्याबरोबर गाऊ लागते, आणि दुसऱ्या सुरावर गेला की गप्प होते. खोली लांबीला दहा, रुंदीला दहा आणि उंचीलाही दहा फूट असेल तर तिन्ही बाजूंचा घुमारा एकाच सुरावर येऊन बसतो. यापेक्षा वाईट आकार शोधून सापडायचा नाही, आणि आपल्याकडे नेमका तोच पुष्कळ ठिकाणी असतो. आठ फुटी भिंतीत हा सूर ७० हर्ट्झच्या आसपास येतो. पुरुषांच्या काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झचा, हे लक्षात घ्या.

गंमत अशी की हा घुमारा खोलीत सगळीकडे सारखा नसतो. भिंतीजवळ तो सर्वांत जास्त आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी जवळजवळ शून्य. म्हणून खुर्ची मधोमध ठेवून बसलेला मुलगा म्हणतो, बास येतच नाही, आणि वाढवीत जातो. भिंतीला लागून खाटेवर बसलेला त्याचा मित्र म्हणतो, अरे, किती घुमतोय. दोघे भांडतात. दोघांचेही बरोबर असते.

अशा खोलीत आठ इंची वूफरची जोडी आणली म्हणजे काय होणार? ती जोडी ४० हर्ट्झच्या आसपास खाली उतरते आणि खोलीला घुमायला जास्तीत जास्त इंधन पुरवते. आमच्या ओळखीचा एक होतकरू गायक-संगीतकार आहे. त्याने हप्त्यावर अशी जोडी घेतली. खोली दहा बाय दहा, वर पत्रा. बेस सुरू झाला की पत्रा थरथरे, मांडणीवरची भांडी वाजत. वूफर मोठा तितका स्टुडिओ मोठा, असे दुकानात त्याच्या मनावर ठसवले गेले होते. पुढे त्याने ती जोडी जुन्या बाजारात विकली, पाच इंची जोडी घेतली, आणि उरलेल्या पैशांत खोलीचे काम केले. तीच गाणी त्याने पुन्हा मिक्स केली तेव्हा कडव्यातला शब्द न् शब्द वर आला. विकताना झालेला तोटा मात्र भरून निघाला नाही, आणि त्याच्या हप्त्यांचे काही महिने अजून शिल्लक आहेत.

तेव्हा आमचे स्पष्ट मत असे: दहा बाय दहा किंवा दहा बाय बाराच्या खोलीसाठी पाच इंची वूफरची जोडी पुरे. खोली खरोखर मोठी असेल तर साडेसहा इंचीचा विचार करावा. वेगळा सबवूफर अशा खोलीत आणूच नये. पाच इंचीतून बेसची सर्वांत खालची ई तार, ४१ हर्ट्झची, पूर्ण ऐकू येणार नाही हे खरे. पण तिच्या दुपटीवरचा ८२ हर्ट्झचा सूर ऐकू येतो आणि तळ तपासायला हेडफोन असतो. त्याबद्दल पुढे बोलू.

खोलीसाठी काय करावे? अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा जो प्रकार सर्वत्र दिसतो तो सोडून द्यावा. त्याने बास जराही शोषला जात नाही, शेजाऱ्याकडे जाणारा आवाज अडत नाही, आणि ठिणगी पडली तर कागद पेटतो तेवढा धोका वाढतो. पातळ फोमचेही फार वेगळे नाही. टांगलेली गोधडी वरचा खणखणाट कमी करते, खालच्या घुमाऱ्याला हात लावीत नाही. काम करतो तो रॉकवूल. ४८ किंवा ६४ घनतेच्या दोन-दोन इंची दोन लाद्या, म्हणजे चार इंच जाडी, लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत बसवायच्या आणि वरून मांजरपाट किंवा जुनी सुती साडी ताणून लावायची. ओळखीचा सुतार असेल तर एका दिवसाचे काम. कापताना नाकाला मास्क, हातात मोजे आणि अंगभर कपडे हवेत, कारण त्याचे तंतू अंगाला खाजतात आणि श्वासात जाणे चांगले नाही. या चौकटी आधी कोपऱ्यांत उभ्या कराव्यात, कारण घुमारा तिथे साचतो. नंतर बाजूच्या भिंतींवर. नेमक्या कुठे, हे आरशाने कळते. तुम्ही खुर्चीत बसा, मित्राला भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात स्पीकर दिसेल तिथे एक चौकट. डोक्यावर छताला एक लावता आली तर उत्तमच.

पैसे मोजकेच असतील तर निम्मे स्पीकरवर आणि निम्मे खोलीवर खर्चावेत. दुकानदार हे सांगणार नाही, कारण रॉकवूल त्याच्याकडे विकायला नसतो.

स्पीकर मांडण्याला पैसा लागत नाही, तरी याच बाबतीत सर्वांत जास्त हेळसांड होते. दोन स्पीकर आणि तुमचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, बाजू मीटर-सव्वा मीटरची. ट्वीटर कानाच्या उंचीवर. खुर्ची समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या एकतृतीयांशाहून थोडी मागे, म्हणजे दहा फुटी खोलीत पावणेचार फुटांच्या आसपास. मध्यावर नको, मागच्या भिंतीला टेकूनही नको. स्पीकर कोपऱ्यात ढकलू नयेत. भिंतीपासून बरोबर मीटरभर पुढे ठेवले तर मागून परतणारा आवाज ८६ हर्ट्झला पुढच्या आवाजाशी भांडून तिथे खड्डा पाडतो. म्हणून लहान खोलीत ते भिंतीच्या बरेच जवळ ठेवून मागे रॉकवूलची चौकट लावणे आणि स्पीकरच्या पाठीवरचा बास कमी करण्याचा खटका वापरणे, हा मार्ग आम्हाला बरा वाटतो. टेबल थरथरत असेल तर स्पीकरखाली जाड फोम ठेवावा. आपल्याकडे एका बाजूला मोरी आणि दुसऱ्या बाजूला कपाट, अशी खोली असते. डावी-उजवी बाजू सारखी नसली की गायक मध्यातून सरकल्यासारखा वाटतो. जमेल तितकी दोन्हीकडे बरोबरी साधावी.

खरेदीच्या वेळी माहितीपत्रकात ‘४५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असे छापलेले असते. त्याच्यापुढे अधिक-उणे ३ डेसिबल असे लिहिले नसेल तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. कोणी ३ डेसिबलवर मोजतो, कोणी आवाज १० डेसिबलने पडेपर्यंत मोजत राहतो. वॅटच्या आकड्यालाही भुलू नये. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि मीटरभर अंतरावर बसणाऱ्याला ५० वॅट खूप झाले. आजकाल अँप्लिफायर आतच असलेले ॲक्टिव्ह मॉनिटर मिळतात, तेच घ्यावेत. जोडणी बॅलन्स्ड केबलने करावी. तरीही गुणगुण आली तर आधी घरातले अर्थिंग तपासावे, स्पीकरला दोष देऊ नये.

दुकानात ऐकायला जाताना आपली गाणी बरोबर न्यावीत. दोन जोड्या तपासायच्या तर दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला सांगावे. जी जोडी जरा मोठ्याने वाजते ती माणसाला नेहमीच चांगली वाटते, आणि विकणाऱ्याला हे ठाऊक असते. आणखी एक युक्ती. आपल्या आईचा किंवा घरातल्या कोणाचा नुसता बोलण्याचा आवाज साध्या माईकवर रेकॉर्ड करून न्यावा. जन्मभर ऐकलेल्या आवाजात कान फसत नाही. तो आवाज नाकातून किंवा डब्यातून आल्यासारखा वाटला तर ती जोडी परत ठेवावी. बीबीसीचे लोकही माणसाच्या बोलण्यावर स्पीकर पारखत. त्यानंतर पेटी आणि गळा एकत्र ऐकावा, ‘स’ आणि ‘श’ टोचतात का पाहावे, ढोलकीची टणक थाप आणि तिचा घुमारा वेगवेगळा कळतो का पाहावे. आवाज अगदी लहान करूनही शब्द कळले पाहिजेत.

मोठ्याने ऐकण्याबद्दल दोन शब्द. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले की हळू आवाजात माणसाच्या कानाला बास कमी ऐकू येतो. म्हणून आज हळू, उद्या मोठ्याने असे काम केले तर बासचे माप रोज बदलते. लहान खोलीत साधारण ७३ ते ७६ डेसिबलवर काम करावे. मोबाईलच्या ॲपवर अंदाज येतो. ती जागा ठरली की बटणाजवळ पेनने खूण करावी. शेजारी रात्रपाळी करून झोपलेला माणूस असतो, कुणाची मुलगी दहावीच्या अभ्यासाला बसलेली असते, त्यांचाही विचार यात होतो.

रात्री हेडफोन. आणि ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याला आमचा सल्ला असा की मॉनिटरची घाई करू नये, आधी एक चांगला हेडफोन घ्यावा. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून स्टुडिओंत वापरात आहे; मिक्सिंगपुरते बोलायचे तर मागून उघड्या असलेल्या हेडफोनमध्ये जास्त मोकळे ऐकू येते. हेडफोनला खोली नसते, त्यामुळे तळचा बास तपासायला वाईट खोलीतल्या स्पीकरपेक्षा तो भरवशाचा. त्याची खोट दुसरीकडे आहे. डावे-उजवे खऱ्यापेक्षा फाकलेले वाटते आणि प्रतिध्वनी किती घालावा याचा अंदाज चुकतो. म्हणून पैसे जमले की मॉनिटर घ्यायचेच, पण कर्ज काढून नव्हे.

हातात काही पैसे उरले तर मोजणीचा माईक घ्यावा. ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, ते खोलीचे फुगवटे आणि खड्डे रेघेने काढून दाखवते. फुगवटा ईक्यूने काही प्रमाणात दाबता येतो. खड्डा मात्र भरता येत नाही. आवाज ओतत राहिले तरी तो गिळतो. तिथे खुर्ची हलवणे हाच इलाज.

नवी जोडी घरी आली की लगेच कोणाचे गाणे हातात घेऊ नये. महिनाभर तिच्यावर नावाजलेली ध्वनिमुद्रणे ऐकावीत, आपल्याला पाठ असलेली. त्यांत गळा किती पुढे आहे, ढोलकी किती खाली आहे, हे कानात बसू द्यावे. काम करताना मधूनमधून गाणे मोनोमध्ये, एकाच स्पीकरवर ऐकावे. ट्रकवरचे स्पीकर बहुधा मोनोच चालतात, साध्या ब्लूटूथ डब्याचेही तेच. मोनो केल्यावर कोरस पातळ पडला किंवा नाहीसा झाला तर आवाज फाकवण्यासाठी केलेली करामत अंगाशी आली असे समजावे आणि ती काढून टाकावी. शेवटी गाणे स्वस्त मोबाईलवर, रिक्षात, आणि कोणाच्या तरी घरातल्या टीव्हीवर ऐकावे. चारही ठिकाणी शब्द कळले तर गायकाला बोलावून ऐकवावे.

आज आम्ही पाच इंची आणि आठ इंची अशा दोन जोड्या सोबत आणल्या आहेत. रॉकवूलच्या चार चौकटीही आहेत. चहानंतर मागच्या लहान खोलीत एकच गाणे दोन्ही जोड्यांवर लावू, आधी चौकटींशिवाय आणि मग चौकटी उभ्या करून. ज्यांनी आपली गाणी पेनड्राइव्हवर आणली असतील त्यांनी ती द्यावीत. खोली लहान आहे, तेव्हा एका वेळी सहा-सात जणांनीच यावे.